तीन पायऱ्यांवरचा फोन

बावड्याच्या पेठेत नईमचा एसटीडी बूथ होता. लहानपणी पोलिओनं त्याचा डावा पाय बारीक राहिला, आणि त्याच पायाच्या दाखल्यावर १९९५ साली त्याला अपंगांच्या कोट्यातून हा बूथ मिळाला. पावसाचं पाणी शिरू नये म्हणून त्यानं काचेची केबिन तीन पायऱ्यांच्या ओट्यावर बांधली. लंगडत का होईना, तो चढायचा. दुसऱ्या कुणाला चढता येणार नाही, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही.

पुढच्या वर्षी बाजारच्या दिवशी सारजा आली. तिचे दोन्ही पाय पोलिओनं गेलेले. हातानं फिरवायच्या तीनचाकी सायकलवरून ती शिवलेले कपडे घरोघर पोचवायची. लोणी देवकरच्या एका फॅक्टरीत कामाला असलेल्या मानसिंगचं स्थळ तिला सांगून आलं होतं. मध्यस्थानं त्याला ‘मुलगी जरा लंगडते’ एवढंच सांगितलेलं. खरं काय ते तिला स्वतःच्या तोंडानं सांगायचं होतं.

“नईमभाऊ, फोन जरा खाली देता का?”

“वायर पुरत न्हाय, ताई. मी बोलतो की. तुमी हितनं सांगा.”

मागं रांग लागली होती. सारजा घुटमळली. मग फॅक्टरीच्या नंबराची चिठ्ठी वर देऊन हळूच म्हणाली, “मानसिंगला बोलवा. माझं दोन्ही पाय न्हाईत म्हणून सांगा.”

फोन लागला, मानसिंग आला, पण खरखर फार. पलीकडं ऐकू जाईना, तसा नईमचा आवाज चढत गेला. “दोन्ही! दोन्ही पाय! अवो, पांगळी हाय पोरगी, पांगळी!”

रांगेतलं कुणीतरी फिसकन हसलं. पलीकडं फोन ठेवल्याचा आवाज आला.

“ठिवला त्यानं,” नईमनं सगळ्यांदेखत सांगितलं.

सारजानं सायकल वळवली. आपण एका अडलेल्या बाईचं काम केलं, असंच नईमला तेव्हाही वाटत होतं.

शेजारीच त्याची आई गौहर बांगड्यांचं दुकान चालवायची. तिनं सगळं ऐकलं होतं. दुकान आवरताना ती म्हणाली, “तुझ्या लग्नाचं बोलणं असं पेठंत कुणी वरडून केलं असतं तर? पायाच्या कागदावर बूथ घेतलास, आन...” आणि तिनं दुकानाला कुलूप घातलं. नईमला जेवण गेलं नाही.

चार दिवसांनी तो सारजाच्या घरी गेला. ती हातमशीन फिरवत बसली होती.

“चुकलं माझं, ताई.”

तिनं मान वर केली नाही. “माफी ठिवा. सही द्या.”

बसल्या माणसाचा हात पोचेल असा फोन प्रत्येक बूथवर असावा आणि वाटेत पायरी नसावी, असा अर्ज तिनं लिहून ठेवला होता. दोघं टेम्पोनं बारामतीच्या टेलिफोन ऑफिसात गेले. साहेबांनी अर्ज वाचला.

“असा काही नियम नाही. आणि तुम्ही स्वतः बूथवाले ना? तुमच्याकडं आहे का हे सगळं?”

नईमचे कान तापले. काम काढलंय, असं सांगून वेळ मारून नेता आली असती. पण सारजा त्याच्याकडं बघत होती.

“न्हाय, साहेब. माझ्याच बूथाला तीन पायऱ्या हायत.”

अर्जाचं उत्तर कधी आलं नाही. नईमनं मात्र दुसऱ्याच दिवशी पायऱ्या फोडल्या, उतार केला, केबिनचं दार रुंद केलं आणि लांब वायर जोडून फोन बुटक्या स्टुलावर आणला. सारजा आली, सायकलसकट आत गेली, तिनं दार ओढून घेतलं. नईम रस्त्यापलीकडं जाऊन पाठमोरा उभा राहिला. फोन कुणाला केला, हे त्यानं विचारलं नाही. मानसिंगशी लग्न काही झालं नाही.

मग ‘फोन खाली घ्या’ म्हणत दोघं इंदापूर, बारामतीकडचे बूथ हिंडू लागले. “आमच्याकडं कोण येतंय असलं?” बूथवाले म्हणायचे. पहिल्या ठिकाणी नईमनं ‘एका बूथवाल्याची’ गोष्ट सांगायला घेतली.

“नाव सांगा की, नईमभाऊ,” सारजा म्हणाली.

तेव्हापासून तो ‘मी’ म्हणूनच सांगू लागला, ‘पांगळी’ या शब्दासकट. दोन वर्षांत नऊपैकी सहा जणांनी फोन खाली घेतला. इतक्यांदा सांगूनही त्याला सवय झाली नाही. तो शब्द आला की नजर खाली जायची, आणि सारजा शेजारी बसून शेवटपर्यंत ऐकायची.