मेथड्स तपासल्या, सही केली

पीएच.डी.ला किती वर्षं लागली, असं कुणी विचारलं की मी सांगते, थिसिस लिहायला दोन आणि किस्से जमवायला चार. मिशिगनमधलं आमचं डिपार्टमेंट, साल दोन हजार एक ते सात. विषय लोकसंख्याशास्त्र. लोकांची लग्नं कधी झाली, मुलं किती झाली, याचा अभ्यास करणारे आम्ही सगळे बिनलग्नाचे!

दर शुक्रवारी तीन वाजता 'पिअर फीडबॅक' असायचा. एकानं आपलं संख्याशास्त्र मांडायचं, बाकीच्यांनी ते तपासून फॉर्म भरायचा. फॉर्मवर दोन चौकटी: 'काय आवडलं' आणि 'काय सुधारता येईल'. खाली लिहिलेलं, 'मेथड्स तपासल्या', आणि त्याखाली दोन सहाध्यायींच्या सह्या. या सह्यांशिवाय थिसिसचा चॅप्टर परीक्षकांच्या कमिटीपुढे जात नसे. थोडक्यात, ज्यांना पोहता येत नाही त्यांनी एकमेकांना पोहण्याचं सर्टिफिकेट द्यायचं.

* * *

पहिल्याच शुक्रवारी माझ्यापुढे केव्हिनचा पेपर आला. केव्हिन आयोवाचा, धिप्पाड आणि कमालीचा सभ्य. आमच्या गाईडनं, म्हणजे मार्गारेटनं, बजावलं होतं की आधी कौतुक, मग सूचना. गाईडला एकेरी नावानं हाक मारणंच मला जड जात होतं, त्यात हे!

पेपरात आवडण्यासारखं काही सापडेना. शेवटी 'काय आवडलं' या चौकटीत लिहिलं, "फॉन्ट." मग दुसऱ्या चौकटीत एकोणीस मुद्दे.

"थँक यू, सो हेल्पफुल!" केव्हिन म्हणाला.

पुढच्या शुक्रवारी त्यानं तोच पेपर पुन्हा आणला. एकोणीसच्या एकोणीस चुका जागच्या जागी होत्या. बदलला होता फक्त फॉन्ट!

* * *

केव्हिनकडे प्रश्न एकच होता. उशिरा यायचं, सँडविच उघडायचं आणि विचारायचं, "डिड यू कंट्रोल फॉर एज्युकेशन?" म्हणजे, शिक्षणाचा परिणाम बाजूला काढून पाहिलात का? प्रश्न इतका वजनदार की समोरचा हमखास गडबडतो.

माझ्या पहिल्या पेपरचा विषयच मुळी 'आईचं शिक्षण आणि मुलांची संख्या' हा होता. तरी त्यानं विचारलंच. आणि मी इतकी घाबरलेली की म्हटलं, "येस, पुढच्या वेळी नक्की करते."

केलंही! शिक्षणाचा परिणाम मोजताना शिक्षण आणखी एकदा मॉडेलमध्ये घातलं. सॉफ्टवेअरनं मुकाट्यानं त्यातलं एक गाळून टाकलं. त्या खोलीत तेवढंच एक शहाणं होतं.

* * *

तिसरा आमचा मंदार. पुण्याचा, आणि तसं सांगायची गरज पडू नये अशा बेताचा.

आमच्या धंद्यात एक आकडा पाच टक्क्यांच्या आत आला तर निष्कर्ष टिकला, नाहीतर गेला. केव्हिनचा आला पाच पूर्णांक एक. त्यानं पेपरात लिहिलं, "निष्कर्ष सिद्ध होण्याच्या मार्गावर आहे."

मंदार उसळला. "आमच्याकडे पस्तीसला पास. चौतीस पडले तर कुणी 'पास होण्याच्या मार्गावर' म्हणत नाही, यार!"

केव्हिननं अगदी गंभीरपणे विचारलं, "मग चौतीस पडले तर तुम्ही काय करता?"

मंदारनं पेनाचं टोपण काढलं. मग म्हणाला, "ग्रेस मार्क देतो." आणि सही करून टाकली.

* * *

आता माझा शेवटचा चॅप्टर. मे महिन्यात डिफेन्स, म्हणजे कमिटीपुढची तोंडी परीक्षा होती. आई-बाबांचा व्हिसा झाला होता, तिकिटं काढून झाली होती. मुलीला डॉक्टर होताना पाहायला दोघं आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणार होते. चॅप्टर अडकला असता तर मी त्यांना नुसता नायगारा दाखवून परत पाठवलं असतं.

पण चॅप्टर अडकायचं कारणच नव्हतं. भारतातल्या बायकांच्या एका सर्व्हेतून माझ्या हाती स्फोटक गोष्ट लागली होती. शाळेत न गेलेल्या बायकांची लग्नं शिकलेल्यांपेक्षा उशिरा झालेली दिसत होती! सगळं जग म्हणतं त्याच्या बरोबर उलट.

शुक्रवारी नुसता जल्लोष झाला. केव्हिननं लिहिलं, "धाडसी!" मंदारनं चार पानं लिहिली, सगळी मॉडेलच्या बारकाव्यांवर. मार्गारेट म्हणाली, यावर आर्टिकल व्हायला हवं. दोन्ही सह्या पडल्या.

* * *

त्याच आठवड्यात जवळच्या ट्रॉय गावी देशमुख काकूंकडे जेवायला गेले होते. काका-काकू तीस वर्षांपासून इथे. पुरणपोळी वाढता वाढता काकूंनी विचारलं, "काय गं शोधलंस एवढं?"

मी ऐटीत सांगितलं. काकूंचा हात तुपाच्या वाटीतच थांबला. "न शिकलेल्या मुलींची लग्नं उशिरा? कुठल्या गावात गं?"

"काकू, तुम्ही तुमच्या अनुभवावरून बोलताय. माझ्याकडे हजारो बायकांचा डेटा आहे."

"असेल बाई," काकू म्हणाल्या आणि पोळीवर तूप वाढलं. मला किती मोठेपणा वाटला होता, ते आठवलं की आजही कान गरम होतात.

* * *

आई-बाबा आले. डिफेन्सला दोन दिवस होते. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतले मास्तर, नुकतेच रिटायर झालेले. डायनिंग टेबलाशी चष्मा लावून माझा चॅप्टर उलटत होते. इंग्रजी त्यांना बेताचंच, पण आकडे वाचत होते.

"ही बाई कोण?"

"कुठली बाई, बाबा?"

"अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी लग्न केलेली." त्यांचं बोट तक्त्यावर होतं. लग्नाचं वय: कमीत कमी अकरा, जास्तीत जास्त अठ्ठ्याण्णव. "आम्हाला सर्व्हेची ड्यूटी लागायची ना, तेव्हा 'आठवत नाही'ला असाच आकडा टाकायचो. शाळेत न गेलेल्या बायकांना कुठे आठवतंय गं लग्नाचं वय."

ज्यांना वय सांगता आलं नाही, त्या सगळ्यांना मी अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी बोहल्यावर उभं केलं होतं! दोन सह्या, चार पानं आणि एक 'धाडसी' उलटून गेलं, पण त्या नवरीकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. ते आकडे काढून पुन्हा गणित केलं. उत्तर आलं तेच, जे देशमुख काकूंना पुरणपोळी वाढताना ठाऊक होतं.

डिफेन्सला उभी राहिले. आई-बाबा शेवटच्या रांगेत, बाबांनी शर्टावर स्वेटर चढवलेला. मी सरळ सांगितलं, "मी जे शोधलं होतं ते खोटं निघालं. हा दुरुस्त केलेला चॅप्टर." आणि दुरुस्त तक्ते दाखवले.

केव्हिननं सँडविच खाली ठेवलं.

मार्गारेटनं विचारलं, "चूक कुणी पकडली?"

"माझ्या वडिलांनी."

"अच्छा! त्यांचं स्पेशलायझेशन काय?"

"इयत्ता चौथी, तुकडी ब."

कमिटीनं तासभर मला पिळलं, मग बाहेर पाठवलं, मग आत बोलावून पास केलं. आई रडत होती, मीही रडले. मार्गारेटनं फीडबॅकचा एक कोरा फॉर्म काढला आणि शेवटच्या रांगेत जाऊन बाबांपुढे धरला. मेथड्स खरोखर तपासणाऱ्याचीच सही राहिली होती, म्हणाली.

बाबांनी खिशातून पेन काढलं. 'काय आवडलं' या चौकटीत मराठीत एकच शब्द लिहिला, "बरे." खाली तारीख घालून सही केली. माझ्या कुठल्याही वहीवर त्यांनी कधी एवढंही लिहिलं नव्हतं. मला तो शब्द नीट दिसेना.

"काय लिहिलंय?" मार्गारेटनं विचारलं.

मी फॉर्म मंदारपुढे धरला. मंदारनं वाकून वाचलं, बाबांकडे पाहिलं, आणि म्हणाला, "आउटस्टँडिंग."