पुढचा शाफ्ट काढणार नाही

आमची गाडी म्हणजे मिलिटरीचा ट्रक. लिलावातून घेतलेली, जुनी, शेवाळी रंगाची. पांढुर्ण्यात विहाराच्या मागच्या मोकळ्या जागेत ती उभी असते. बाबा फौजेत ड्रायव्हर होते. तिथे जशी चालवली तशीच घरी हवी, म्हणून त्यांनी हिला आणलं. त्यांचे गुडघे गेल्यापासून मी चालवते. लायसन्स माझ्या नावाचं आहे, जड वाहनाचं, आणि कोणी मागायच्या आत दाखवायची मला हौस आहे.

साऱ्या मेकॅनिकांचा एकच सल्ला: पुढच्या एक्सलकडे ताकद नेणारा शाफ्ट काढून टाका. डिझेल वाचेल, कटकट मिटेल. इथे आलेल्या अशा बाकी गाड्यांचा काढलासुद्धा. मला या सल्ल्याचा संताप येतो. मग साधा ट्रकच घ्यायचा होता ना.

गिअरच्या दांड्याशेजारी आमच्या गाडीत आणखी एक आखूड दांडा आहे. एरवी फक्त मागची चाकं गाडी ढकलतात. हा दांडा पुढे सारला की आत एक दातेरी कडं सरकतं, पुढचा शाफ्ट मागच्याशी जोडला जातो आणि पुढची चाकंही ओढायला लागतात. दाते समोरासमोर आले तरच ते बसतं. म्हणून गाडी रांगत असताना, चाकं सरळ ठेवून, क्लच दाबून दांडा सारायचा. आणि चिखलात शिरायच्या आधी. गाडी पोटापर्यंत रुतल्यावर दांड्याशी झटापट करणारे मी पुष्कळ पाहिलेत.

पण आम्हाला भाडंच मिळत नव्हतं. संत्र्याच्या व्यापाऱ्याचा ट्रक काळ्या मातीत फसला की आमची आठवण व्हायची. ओढून दिला की चहा आणि "आपलंच काम आहे". माल भरायच्या वेळी मात्र त्यांना आपापल्यातला गाडीवाला सापडायचा. शेवटी यंदा बाबा थकले. त्यांनी भंगारवाल्याला सोमवारी यायला सांगितलं. हे कळल्यापासून मी त्यांच्यावर रागावले होते.

त्याच आठवड्यात, मृगबहाराचा तोडा सुरू असताना, अवकाळी पाऊस कोसळला. रविवारी सकाळी तिगावकडच्या एका बागेतून ट्रक ओढायला बोलावणारा फोन आला. व्यापाऱ्याचे दोन रिकामे ट्रक बागेकडे जाताना पांदणीत रुतले होते आणि तोडलेली संत्री कॅरेटमध्ये ओली पडून होती. पांढुर्णा जिल्हा झाला, पण शेतात जाणाऱ्या पांदणींना अजून मुरूम मिळालेला नाही.

मी पांदणीच्या तोंडाशी दांडा सारला, फसलेल्या ट्रकांच्या बाजूनं गाडी काढली आणि सरळ कॅरेटच्या थप्पीपाशी नेऊन उभी केली.

व्यापारी धावत आला. "पोरी, इकडं काऊन आणली? गाड्या तिकडं फसून राहिल्या ना."

"दिसल्या, भाऊ. पन मी खेचाले नाही आली."

"मंग काहाले आली?"

"भराले. माल माह्या गाडीत टाका."

तो हसला. मग बाबांना फोन लावला. बाबा म्हणाले, "गाडी थे चालवते, तिलेच विचारा." हे मला स्पीकरवर ऐकू आलं आणि माझा राग तिथल्या तिथे विरघळला. व्यापाऱ्यानं आभाळाकडे पाहिलं, संत्र्यांकडे पाहिलं आणि मजुरांना हात केला.

भरलेली गाडी पांदणीतून निघाली. डांबरावर मात्र दांडा मागे येईना. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात ती घसरून आपलं निभावून नेतात, पण डांबर घसरू देत नाही. वळताना मी दांडा मागे घेतलाच नव्हता. शाफ्टला पीळ बसला आणि दाते एकमेकांना आवळून बसले. मागे हॉर्न सुरू झाले. व्यापाऱ्याचा ड्रायव्हर माझ्या शेजारी बसला होता, तो हातोडा शोधायला लागला. मी त्याला खाली उतरवलं, मागच्यांना मागे हटवायला लावलं आणि स्टिअरिंग सरळ धरून गाडी थोडी उलटी घेतली. पीळ सुटला, दांडा अलगद मागे आला. "बाई रस्त्यात रिव्हर्स घेऊन राहिली," असं कोणीतरी ओरडलं. घेऊन राहिली, तुला काय करायचंय?

सोमवारी भंगारवाला आला तेव्हा गाडी दुसऱ्या खेपेला निघून गेली होती. बाबांनी त्याला दारातूनच परत पाठवलं.

त्या खेपेला व्यापारी पांदणीत वाट पाहत उभा होता. त्याचे ट्रक अजून तिथेच होते, चाकं अर्धी मातीत.

"आता तरी खेचून दे," तो म्हणाला.

मी इंजिन बंद केलं नाही. "पुढची बाग कोनाच्या गाडीत भरता, थे आधी सांगा."

त्यानं आपल्या ट्रकांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "तुह्याच."

"मोठ्यानं बोला. तुमचे ड्रायव्हर ऐकून राहिले."

"तुह्याच गाडीत."

"मंग आना साखळी."