चार जास्तीची निप्पलं

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, बसडेपोत बत्तीस वर्षं गाड्यांना ग्रीस भरत होते. डेपोत त्यांना सगळे वंगणबुवा म्हणत. ग्रीसगन भरताना कुणाशी बोलायचे नाहीत. दांडा मागे ओढून अडकवायचा, तोंड फिरवून काढायचं, नळकांडं डब्यात बुडवून ग्रीस ओढून घ्यायचं आणि मग आतली हवा निघेपर्यंत हँडल मारत बसायचं. "हवा राहिली की गन नुसती खोटं बोलते," म्हणायचे. खोट्याचं त्यांना वावडंच होतं. ताईची भाजी खारट झाली, तर पाहुण्यांदेखत सांगायचे.

मग नवे साहेब आले आणि त्यांच्या पाठोपाठ नवा तक्ता. प्रत्येक गाडीला बेचाळीस ठिकाणी ग्रीस भरल्याची सही करायची. भाऊजींनी गाडीखाली तीनदा सरपटत जाऊन मोजलं. ग्रीस भरायची निप्पलं अडतीसच! बाकीच्यांनी डोळे झाकून सह्या ठोकल्या. भाऊजी म्हणाले, "जिथं ग्रीस भरलंच नाही, तिथं भरलं असं मी लिहिणार नाही."

तो तक्ता मीच टाइप केला होता; त्याच डेपोच्या ऑफिसात मी टायपिस्ट होतो. मोडीत निघालेल्या गाड्यांचा कागद समोर ठेवून, डुलक्या काढत. साहेबांनी तो वरून मंजूरही करून आणला होता. आता चूक उघडकीला आली तर माझी नोकरी गेलीच. मी मूग गिळून बसलो.

"सोमवारी सही नसेल, तर घरी बसायचं," साहेब भाऊजींवर कडाडले. ताई रडून रडून अर्धी झाली. "चार निप्पलांपायी संसार उघड्यावर टाकणार का?" तिनं विचारलं.

सोमवारी ते साहेबांसमोर उभे राहिले. "तक्ता चुकला म्हणू नका, गाडीत चार कमी आहेत म्हणा. बसवून टाका." आणि साहेबांना हे पटलं! वेल्डरनं डेपोतल्या वीसही गाड्यांच्या सांगाड्याला चार-चार निप्पलं डकवली. मागे पोकळीच नाही, ग्रीस जाईना. भाऊजींनी शेरा मारला, 'ग्रीस घेत नाही.' नियमाप्रमाणे वीस गाड्या जागच्या हलल्या नाहीत आणि प्रवाशांनी डेपो डोक्यावर घेतला. शेवटी त्या प्रत्येक निप्पलामागे एक पत्र्याची डबी बसली.

त्यानंतर चार वर्षं भाऊजी दर पंधरवड्याला ती निप्पलं फडक्यानं पुसत, ग्रीस भरत, मग डबी उघडून तेच ग्रीस काढत, पुन्हा गनमध्ये भरत, हवा काढत आणि पुढच्या गाडीखाली शिरत. सही ठसठशीत करत. अख्खा डेपो त्यांना हसायचा. त्यांची नक्कल मी सगळ्यांत झकास करायचो.

निवृत्तीच्या दिवशी ते रॉकेलनं हात धूत होते. मला राहवेना. "भाऊजी, तो तक्ता माझ्यामुळे चुकला होता."

"ठाऊक आहे. जुना कागद पहिल्याच दिवशी तुझ्या टेबलावर पाहिला मी."

"मग बोलला का नाहीत?"

"कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर खरं सांगावं लागलं असतं, आणि तू रस्त्यावर आला असतास. म्हणून तर घाईनं निप्पलं बसवायला लावली."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कसाबसा म्हणालो, "ताईला सांगू नका."

"तिनं विचारलं तर सांगावं लागेल रे," ते अगदी काळजीनं म्हणाले.

त्यांच्यावर ती वेळ नको, म्हणून संध्याकाळी मीच जाऊन ताईला सांगितलं.