टिकली लावलेलं शेवटचं प्रकरण

विश्व मुळात कशाचं बनलंय हे अजून कुणालाच नक्की ठाऊक नाही, याचं मनापासून वाईट वाटणारा माणूस अख्ख्या सांगली जिल्ह्यात एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू निघाला. इतरांचे साडू जमिनीवरून रुसतात, लग्नातल्या मानपानावरून फुगतात. आमचे साडू माझ्यावर एकदा सहा महिने रुसले होते ते गुरुत्वाकर्षणावरून. कुपवाडला त्यांचं लेथचं वर्कशॉप होतं, पंपाचे शाफ्ट आणि ते ज्यात फिरतात ते बुश बनवायचं. पुढे एकदा पाय मोडून तीन महिने घरी पडून राहावं लागलं, तेव्हा कुणीतरी वाचनालयातून एक विज्ञानाचं मासिक आणून दिलं. पाय बरा झाला, पण माणूस परत आला नाही.

त्या मासिकातून त्यांना कळलं ते असं. ग्रहताऱ्यांसारख्या अवाढव्य गोष्टींचा एक सिद्धांत आहे, त्यात गुरुत्वाकर्षण येतं. अणूच्या आतल्या बारीक गोष्टींचा दुसरा आहे, त्याला क्वांटम म्हणतात. दोन्ही आपापल्या जागी पक्के, पण एकत्र आणले की गणित मोडतं. हे वाचून शहाण्या माणसानं पान उलटलं असतं. साडूंनी वर्कशॉप पुतण्याच्या हवाली केलं. "शाफ्ट ड्रॉइंगपरमानं, बुश ड्रॉइंगपरमानं, आन् शाफ्ट काय बुशात जाईना! अशा येळी आमी ड्रॉइंग काढणाऱ्याला बोलावतो. हितं बोलवायचं कुणाला, त्ये सांगा पाव्हणं," असं ते मला विचारत. मी साताऱ्याच्या शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवलेला माणूस, मी कुणाला बोलावणार? तर या विषयावर साध्या माणसाला कळेल असं मराठी पुस्तक लिहायचं त्यांनी मनावर घेतलं. "ईश्व काय फक्त इंग्रजीवाल्यांचं हाय व्हय? उसाला पाणी पाजणाऱ्यानं बी वाचलं पायजे," एवढी त्यांची प्रस्तावना. त्या पुस्तकावर त्यांनी पुढची नऊ वर्षं खर्च केली.

मग जिथं जातील तिथं तेच. महाबळेश्वरला सगळे मिळून गेलो तर पॉइंटवर धुक्यानं हात दिसेना. आम्ही टॅक्सीच्या भाड्यावरून हळहळतोय, आणि साडू खूश. बघितल्याशिवाय दरी आहे की नाही हे क्वांटमच्या हिशेबात कसं ठरत नाही, ते त्यांनी चालता चालता टॅक्सीवाल्याला समजावलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि त्यांचा शर्ट मागून धरून म्हणाला, "काका, फुडं पाय टाकू नगा. हाय दरी." साडूंनी तिथल्या तिथे खिशातली वही काढून ते वाक्य टिपून घेतलं, आणि पुस्तकात ते टॅक्सीवाल्याच्या नावानिशी आहे.

पण खरी गंमत त्यांच्या लिहिण्याच्या पद्धतीत होती. वर्कशॉपमधला त्यांचा एक कडक नियम होता: जॉब, म्हणजे लेथवरचा भाग, बनवणाऱ्यानं तो तपासायचा नाही. तपासणारा वेगळा, आणि नापास जॉबवर तो लाल रंगाचा ठिपका देणार. हाच नियम त्यांनी पुस्तकाला लावला. तपासनीस कोण, तर अक्का. अक्का म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, यांची बायको. कोरेगावकडच्या शेतकरी घरातली, सातवी शिकलेली, आणि सुनावायला कुणाच्या बापाला न भिणारी. घरात लाल रंग नव्हता, म्हणून न कळलेल्या ओळीवर अक्का कपाळाची टिकली काढून चिकटवायच्या. सुरुवातीच्या वह्या गोवर आल्यागत दिसायच्या.

चादरीचा किस्सा तर माझ्यासमोरचा. वस्तूच्या वजनानं अवकाश कसं वाकतं हे दाखवायला साडूंनी मला, बायकोला, अक्कांना आणि पुतण्याला चादरीचे चार कोपरे धरायला लावले, मध्ये नारळ ठेवला आणि कडेनं लिंबू सोडलं. लिंबू गोल फिरत नारळाला जाऊन टेकलं. मी टाळ्या वाजवणार होतो, पण हातात कोपरा होता. अक्का म्हणाल्या, "आवं, पर नारळ खाली का गेला?"

"वजनानं."

"मग वजनानं खाली का जातंय, त्येच सांगत हुता नव्हं तुमी?"

जगभर लोक हीच चादर दाखवतात म्हणे. अक्कांनी ती घडी करून कपाटात ठेवली आणि वहीवर टिकली लावली. उलट, अमुक एका मापाहून लहान असं काही मोजताच येत नाही, हे अवघड प्रकरण पहिल्या झटक्यात पास झालं. "मापाचा मायक्रोमीटर लय आवळला की जॉबच चेपतो. तसंच हाय. एका मापाच्या खाली गेलात की मोजणंच जागेला चेपून टाकतंय," असं त्यात होतं. अक्का म्हणाल्या, "व्हय, माज्या बांगड्यांचं माप घेताना सोनार असंच करतोय."

आणि नुसतं "समजलं" म्हणून सुटका नसे. "सांगा परत," हे साडूंचं दुसरं हत्यार. दुसरं, गुरुत्वाकर्षणाचं प्रकरण त्यांनी मला पाठवलं होतं. मी ते न वाचताच फोनवर म्हणालो, "फार छान, सगळं समजलं." "मग सांगा परत." मी म्हणालो, आवाज तुटतोय. दुसऱ्या दिवशी सकाळी साडू एसटीनं साताऱ्यात दारात हजर! "आता न्हाई तुटणार, सांगा." वाचलंच नव्हतं, हे कबूल करावं लागलं. तेच ते रुसव्याचे सहा महिने.

शेवटचं प्रकरण काळाचं. दोन्ही सिद्धांत जोडायला जावं तर समीकरणातून काळच गळून पडतो. काळ म्हणून मुळात काही नाहीच, असं काही जाणती माणसं म्हणतात. माझ्या तीस वर्षांच्या सनावळ्या पाण्यात! साडूंनी ते कुकरवर बसवलं होतं. तीन शिट्ट्यांत भात होतो म्हणजे काळ जातो असं नव्हे. कुकर बदलतो, भात बदलतो, आणि दोन बदलांची आपण जोडी लावतो, तिलाच वेळ म्हणतो. अक्कांनी टिकली लावली. "पर शिट्ट्या कोण मोजतंय? त्यो बदलतोय का न्हाई?" साडूंनी ते प्रकरण अकरा वेळा लिहिलं, अक्कांनी अकरा वेळा नापास केलं.

बारावं लिहून व्हायच्या आत, गेल्या वर्षी, दोन दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन अक्का गेल्या.

पुढे काही महिन्यांनी साडूंनी ते प्रकरण सगळ्यांना वाचायला दिलं. पुतण्या म्हणाला छान. छापणारे म्हणाले उत्तम, उद्या छापू. वाईट दिवस आलेल्या माणसाला कोण नावं ठेवणार? मीही फोनवर म्हणालो, "झकास झालंय, समजलं सगळं." साडू नुसतं "बरं" म्हणाले. सांगा परत म्हणालेच नाहीत. छापायलाही काही देईनात. ते "बरं" माझ्या डोक्यातून जाईना. माझी मलाच लाज वाटली. एवढं आयुष्य घातलेलं पुस्तक, आणि आम्ही सगळे मिळून त्याला खोटं पास करत होतो.

मग एका दुपारी मी पहिल्यांदा ते प्रकरण खरोखर वाचलं, पेन्सिल घेऊन, शाळेतल्या पोरासारखं. एका ओळीशी अडलो. तीनदा वाचली, तरी अडलोच. उठलो आणि कपाटाच्या आरशावर बायकोनं चिकटवलेली एक टिकली नखानं काढायला लागलो. बायको मागून बघत होती. म्हणाली, "बारकी नको. अक्का मोठी लावायची."

सांगलीला पोचलो तेव्हा साडू भाताचा कुकर लावत होते. कागद हातात दिले. सवयीनं पानं उलटत गेले आणि टिकलीपाशी थांबले. अंगठा हळूच तिच्यावरून फिरवला.

"कुठं अडलं?" म्हणाले.

"तुम्ही लिहिलंय, काळ जात नाही, फक्त गोष्टी बदलतात. मग अक्का होत्या आणि आता नाहीत, हे कशात बसवायचं? मला नाही समजलं."

साडूंनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला. "मला बी हितंच अडलंय, पाव्हणं. पर कुणी म्हनंनाच." मग कानावरची पेन्सिल काढली, त्या ओळीवर सरळ काट मारली आणि कोरा कागद ओढून माझ्यासमोर बसले. डोळे भरले होते, पण आवाज जुनाच. "सांगा परत. काय समजलं न्हाई त्ये."

मी सांगत राहिलो, ते लिहीत राहिले. आत कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या, ते दोघांपैकी कुणीच मोजलं नाही. भात पार गिच्च झाला होता. आम्ही तोच ताक घालून खाल्ला.