अर्धं झाकण

मला एका जागी बसवत नाही हे खरंच. पण त्या दिवशी रत्नागिरीतल्या दवाखान्यात मी इतक्या येरझारा घातल्या, की शेवटी नर्सने मला बाहेरचा बाक दाखवला.

माझ्या आठ वर्षांच्या लेकीचं अपेंडिक्स पोटातच फुटलं होतं. ऑपरेशन झालं, पाच दिवस सलाइनमधून अँटिबायोटिक गेलं, ताप उतरला आणि आम्ही घरी आलो. पुढचा आठवडाभर तेच तोंडाने द्यायचं होतं, दिवसातून दोनदा एक झाकण. बरं वाटलं तरी बंद करायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. मी मान डोलावली. मान डोलवायला माझं काय जातं?

दुसऱ्याच दिवशी पोरीला जुलाब लागले, तोंड आलं. याचं निदान करायला आमच्याकडे डॉक्टर लागत नाही. शेजारच्या काकी कुंपणाच्या गडग्यापलीकडूनच म्हणाल्या, "गरम पडतंय गो पोरीला ते औषध." आंबा गरम, कुर्ल्या गरम, मग एवढं कडू औषध थंड कसं असेल? दवाखान्यात फोन करावासा वाटला, पण बाई ओरडतील म्हणून केला नाही. अर्धंच झाकण द्यायला लागले, वर वाटीभर कोकमाचं सार. जुलाब थांबले. नवरा मुंबईला नोकरीला. पोरगी ठणठणीत आहे, असं त्याला फोनवर ऐटीत सांगितलं.

सहाव्या दिवशी ती तापाने फणफणली, पोट धरून कण्हू लागली.

सोनोग्राफीत पुन्हा पू दिसला. परत सलाइन लागलं. दोन दिवसांत आटोक्यात आलं नाही तर पू काढावा लागेल, असं सांगून डॉक्टरीणबाईंनी औषधाची बाटली मागितली. संपत आलेली असायला हवी होती, ती निम्म्याहून जास्त भरलेली.

"औषध नीट दिलं होतंत ना?"

मी पोरीचं पांघरूण सारखं करू लागले. तेवढ्यात खाटेवरून लेक म्हणाली, "मीच थुंकून टाकायचे. आईला माहीत नाही."

थुंकलं असतं तर बाटली रिकामी झाली असती, एवढं पोरीला कुठलं कळायला. तिने एक थेंब कधी थुंकला नव्हता. तोंड वाकडं करायची, पण गिळायची. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"नाही," मी म्हटलं, "मीच अर्धं देत होते. गरम पडतं म्हणून."

बाई ओरडल्या नाहीत. असं काही झालं तर आधी फोन करा, एवढंच म्हणाल्या. सुदैवाने पू औषधानेच ओसरला.

आता घरी नवी बाटली आहे. औषध पिण्याआधी लेक झाकण माझ्या हातातून घेते, डोळ्यांसमोर धरून काठोकाठ भरलंय का बघते, आणि मगच पिते.