पिवळ्या पट्टीपलीकडे नेलेली खुर्ची

आमची अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, विमानतळावर चाकाची खुर्ची ढकलते. अकरा वर्षं झाली. कंपनी त्याला 'प्रवासी सहाय्यक' म्हणते, मी म्हणत नाही. तिच्या तळहातांना घट्टे पडलेत ते काय सहाय्य करून पडलेत?

त्या विमानतळाचा शहाणपणा ऐका. ज्याला चालता येत नाही, त्याला विमानातून सगळ्यांत शेवटी उतरवतात. म्हणजे ज्याला जास्त वेळ लागणार, त्याच्याच हातात कमी वेळ. दुसरा शहाणपणा त्याच्यावर ताण. इमारती दोन, म्हणून खुर्च्यांचं कामही दोन कंपन्यांना दिलंय. मधल्या लांबलचक वाटेवर जमिनीवर पिवळी पट्टी मारलीय. अक्कानं माणसाला पट्टीपर्यंत न्यायचं, तिथं उठवायचं आणि पलीकडच्यांच्या खुर्चीत बसवायचं. पट्टी ओलांडायची नाही.

गेल्या मंगळवारी दुपारी तिच्या खुर्चीत एक म्हातारे गृहस्थ आले. दोन विमानांमध्ये पन्नास मिनिटं, त्यातली वीस उतरण्यातच गेलेली. त्यांच्या बायकोचं त्याच संध्याकाळी लेकीच्या गावी हृदयाचं ऑपरेशन होतं. "तुमचं तोंड बघितल्याशिवाय आत जाणार नाही म्हणून बसलीय," ते सांगत होते. "फार हट्टी आहे हो." हे विमान चुकलं तर पुढचं थेट दुसऱ्या दिवशी.

अक्का पट्टीपाशी पोचली तर पलीकडे चिटपाखरू नाही. फोन केला. "येतोय माणूस." पुन्हा केला. "येतोय म्हटलं ना." सातव्या मिनिटाला काका स्वतःच उठून चालायला लागले आणि चार पावलांत भिंत धरून उभे राहिले. "बसा काका," अक्का म्हणाली आणि खुर्ची घेऊन पट्टीपलीकडे गेली. एक्कावन्न वर्षांची बाई, गुडघे कुरकुरतात, पण पळाली. दार बंद होता होता काकांना आत घातलं. मला तिचा अभिमान वाटला, लपवून काय करू?

परत आली तर साहेब वाट बघत उभा. हा साहेब म्हणजे खुर्च्यांचा मुकादम, आणि त्यानं जन्मात एक खुर्ची ढकललेली नाही. पलीकडच्या कंपनीची तक्रार आली होती, आमच्या हद्दीत तुमची बाई कशी आली म्हणून. यांना वेळेवर माणूस पाठवता येत नाही, तक्रार मात्र वाऱ्याच्या वेगानं जाते. साहेब म्हणाला, माफीनामा लिहून द्या.

"मी चुकले नाही, लिहून देणार नाही," अक्का म्हणाली.

मग त्यानं हुकमाचं पान टाकलं. अक्का पलीकडे होती त्या पंचवीस मिनिटांत अलीकडे एक म्हातारी बाई विमानाच्या दारात खुर्चीची वाट बघत राहिली होती. तिचं पुढचं विमान चुकलं. "तुमच्यामुळे," तो म्हणाला.

तुमच्यामुळे म्हणे. एका पाळीला चौदा खुर्च्या असायच्या, यंदा नऊ केल्या. उरलेल्या पाच काय अक्कानं घरी आणल्या? चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय. पण अक्काच्या ते जिव्हारी लागलं. तिनं विचारलं, "कुठं चालल्या होत्या त्या?" साहेबाला माहीत नव्हतं. त्यानं विचारलंच नव्हतं. "कुठं बसवलंय त्यांना? मी जाऊन हात जोडते."

साहेबानं तिच्या गळ्यातलं कार्ड काढून घेतलं. माफीनामा येईपर्यंत काम बंद. आणि कार्ड नाही तर आत पाऊल टाकता येत नाही.

मी तिला आणायला गेले तेव्हा ती बाहेरच्या दाराशी उभी होती, त्या बाईंना कुणी बाहेर आणतंय का ते बघत. कुणी आणलं नाही. घरी आली, जेवली नाही. मी साहेबाचा उद्धार करत होते, तिचं लक्षच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं कागद घेतला आणि दोन्ही बाजू भरून माफीनामा लिहिला. मी संतापले, पण ती ऐकेल तर शपथ. साहेबानं तो बाहेरच्या दाराशी येऊन उभ्या उभ्या वाचला. पट्टीबद्दल त्यात अक्षर नव्हतं. सगळा त्या म्हाताऱ्या बाईंना लिहिला होता.

"हा चालणार नाही," साहेब म्हणाला आणि कागद परत दिला. "माफी कंपनीची मागायची."