वरचे दात असलेला नंदी

भट्टीवर काम केलेल्या माणसाच्या नखातलं काळं कधी जात न्हाई. राख लावा, चिंच लावा, ते आपलं तिथंच. किश्शांचंही तसंच हाय. आमी नंदी छापवाले कुठं लग्नात भेटलो, की पंगती उठतात, पान-सुपारी होते, मांडववाले बुडाखालची सतरंजी ओढायला लागतात, तरी आमचं आपलं चालूच!

आताच्या पोरांना ‘नंदी छाप काळं दंतमंजन’ ठाऊक न्हाई. एके काळी परळीपासून माजलगावापर्यंत ज्या घरात कोनाडा, त्या कोनाड्यात ती डबी! मग बंद कावून पडलं? शहाणी माणसं लई कारणं सांगतात. कुणी म्हणतं रेल्वेनं विलायती माल आला, कुणी म्हणतं निजामाची जकात नडली. अरे, मी तिथं कामाला होतो बे! रेल्वेचा संबंध न्हाई आन् जकातीचाही न्हाई.

आमची फॅक्टरी अंबाजोगाईला. फॅक्टरी म्हणजे काय, एक पत्र्याची शेड, एक भट्टी आन् चार माणसं. मालक शिवलिंगअप्पा, कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, आन् तोंडात दिवसभर एकच विषय, दात. भट्टीवर बाबूमियाँ बाभळीचा कोळसा आन् हरड्याची साल भाजायचे. मीठ-कापूर घालून कुटायची आन् डब्या भरायची सोनाबाई. मी नामदेव, बैलगाडीत डब्या घालून बाजारोबाजार बोंबलत फिरायचं काम माझं.

*

पहिला किस्सा लेबलाचा.

अप्पा शिवभक्त, म्हणून नाव नंदी. पण मंजन हाय म्हटल्यावर दात दिसले पाहिजेत! त्यांनी चितारी बोलावला आन् त्याला सांगितलं, “नंदी हसता काढ.” चिताऱ्यानं काढला. वरची बत्तिशी, खालची बत्तिशी, नंदी असा खिदळतोय जसा काय सासऱ्यानं दुसरी गाय दिली!

पहिल्याच बाजारात एका शेतकऱ्यानं डबी हातात घेतली, फिरवून बघितली आन् मोठ्यांदा म्हणाला, “ओ शेठ, बैलाला म्होरं वरचे दात असतेत व्हय?”

झालं! सगळा बाजार गोळा. गुरांना म्होरं वरच्या बाजूला दात नसतात, हे आमच्याकडं रांगतं लेकरूबी सांगतं. चार जण पोट धरून हसायला लागले. मी डब्या गुंडाळायच्या बेतात होतो. एवढ्यात अप्पा गाडीवर उभे राहिले आन् म्हणाले, “न्हवतेच! आमचं मंजन लावलं म्हनून आले!”

त्या दिवशी गाडी रिकामी करून घरी आलो.

*

नंदी छापचा खप सगळ्यात जास्त कधी? पोळ्याच्या आदल्या आठवड्यात. अप्पांना त्याचं लई कौतुक. म्हणायचे, “बघ नाम्या, पुरनपोळीला तोंड लावायच्या आदी दात साफ करतेत. लई संस्कारी मानसं हायेत आपली!”

मी मान डोलवायचो. आता काय सांगू? तेलात कालवून बैलांची शिंगं रंगवायला न्यायचे लोक ते! शिंगं अशी काळीभोर चमकायची की विचारू नका.

एकदा पोळा झाल्यावर धर्मापुरीचा एक गडी नटलेला बैलच घेऊन शेडसमोर आला. म्हणाला, “अप्पा, बघा तुमच्या मंजनाचं काम! गावात पयला नंबर!”

मी आन् बाबूमियाँनी एकमेकांकडं बघितलं. संपलं, आता अप्पांना सगळं कळणार! पण अप्पा शिंगांकडं कशाला बघतील? ते गेले ते सरळ बैलाच्या तोंडाशी. त्याचा जबडा दोन्ही हातांनी फाकवला, आत डोकावले आन् गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, “वरचे आजून आले न्हाईत. नेमानं लाव, येतील.”

गडी बैल घेऊन गुमान गेला. जाताना दोनदा मागं वळून बघत होता.

*

तसं म्हटलं तर लोक नंदी छाप कशाला वापरत न्हवते? बाया लेकरांच्या गालाला तीट लावायच्या. माजलगावचे एक मास्तर शाळेचा फळा त्यानंच काळा करायचे. एका म्हातारीचा तवा गळत होता, तिनं चिखलात कालवून भोक बुजवलं आन् मला म्हणाली, “बाबा, लई गुनाचं औषद हाय!”

आन् दाताला? एकदा दुपारच्या भाकरीला सोनाबाईनं विषय काढला. म्हणाली, “खरं सांगा, सकाळी तोंडात काय घालता?”

बाबूमियाँ म्हणाले, “हम तो बाभळीची काडी.”

मी म्हणालो, “मीबी काडीच.”

“म्या तर चुलीतली राखुंडी लावते बया,” सोनाबाई म्हणाली, “आपल्या मंजनात मीठ लई असतंय.” मीठ घालणारी कोण, तर हीच!

तेवढ्यात अप्पा चूळ भरून आले. ओठ काळे, दात काळे, जीभ काळी, आन् चेहऱ्यावर समाधान कसलं! सगळ्या मुलखात नंदी छापनं दात घासणारा माणूस एकच होता, आन् तो ते बनवत होता. त्या दिवशी आमी तिघांनी भाकरीवर हात ठेवून ठरवलं की ह्या देवमाणसाला हे कधी कळू द्यायचं न्हाई.

*

अप्पांचा सगळ्यात मोठा अभिमान म्हणजे तहसीलदार साहेब.

साहेब हैदराबादकडचे. रुबाब मोठा, झुबकेदार काळीभोर मिशी, आन् दात? एका ओळीत, पांढरेशुभ्र, एकबी वाकडा न्हाई! त्यांचा खानसामा दर महिन्याला येऊन नंदी छापच्या डब्या पिशवी भरून न्यायचा.

मग काय! गिऱ्हाईक आलं की अप्पा सुरू. “साहेबांचे दात बघितले का? मोती! मोती हायेत मोती! कुनाचं काम हाय? नंदीचं!” साहेबांची स्वारी रस्त्यानं निघाली, की अप्पा रस्त्याच्या कडेला उभे राहून सलाम करायचे आन् वाकून त्यांच्या तोंडात बघायचे. साहेबांनाही वाटत असणार, हा वाणी एवढं काय बघतोय.

*

आता आला धोंड्याचा महिना. अधिक महिन्यात जावयाला घरी बोलवायचं, धोंडे खाऊ घालायचे आन् तो मागेल ते द्यायचं, ही आपली रीत. अप्पांचे जावईबापू हैदराबादला राहायचे. डोळ्याला चष्मा, बोलण्यात दर दोन शब्दांनी ‘फॅशन’.

जेवण झालं. अप्पांनी हात जोडून विचारलं, “काय पाहिजे ते मागा, जावईबापू.” आता माणसानं अंगठी मागावी, धोतरजोडी मागावी, गेला बाजार गाय मागावी. ह्या गड्यानं काय मागावं?

“मला काही नको, मामंजी. फक्त मंजन पांढरं करा! काळ्याची फॅशन गेली.”

ओसरीवर पान खात बसलेले आमी तिघं उठून उभे राहिलो. पण धोंड्याच्या महिन्यात जावयाला ‘नाही’ कोण म्हणणार? अप्पा म्हणाले, “केलं!” दुसऱ्या दिवशी बाबूमियाँची भट्टी थंड. खडूची भुकटी आली, गुलाबाचं अत्तर आलं. नंदी तेवढा तोच, हसत.

आमच्या पोटावर धोंडा पडला! खरं सांगावं तर अप्पांचं काळीज फुटणार, न सांगावं तर आमच्या चुली विझणार. “तुम बोलो,” बाबूमियाँ मला म्हणाले. मी म्हणालो, “तुमी बोला, तुमी मोठे.” शेवटी सोनाबाई पदर खोचून उठली, “सरका! बाईमानसासारखं काय करता? म्या सांगते.”

तावातावानं आत गेली. थोड्या वेळानं बाहेर आली ती डोळे पुसत.

“सांगितलं का?”

“न्हाई वो. पयली पांढरी डबी त्यांनी माझ्याच हातात दिली. म्हनले, सोनाबाई, तुमच्या हातानं चांगलं झालं. आता कसं सांगू?”

*

पांढरं मंजन घेऊन मी माजलगावच्या बाजारात गेलतो, त्या दिवसाची आठवण आली तरी अंगावर काटा येतो.

पहिला शेतकरी आला, डबी उघडली आन् म्हणाला, “हे शिंगाला लावू? मग माझा खोंड बाजारात म्हातारा म्हनून जाईल की!”

एक बाई आली, कडेवर लेकरू. “पांढरी तीट? दृष्ट काढायची हाय का भूत घालवायचं हाय?”

मास्तर तर माझ्या अंगावरच आले. “फळा पांढरा करू? मग काळा खडू तुझा अप्पा देणार का?”

त्या म्हातारीनंही डबीचा वास घेतला आन् म्हणाली, “तव्याला अत्तर कशाला रं बाबा?”

भरली गाडी तशीच परत. पुढचा बाजार तसाच, त्याच्या पुढचाही तसाच. अप्पा ओसरीवर बसून वाट बघायचे. गाडीची चाकं भरल्या मालानं कुरकुरताना ऐकली, की त्यांचा चेहरा उतरायचा. दिवाळीला त्यांनी आमाला प्रत्येकाला धोतर-लुगडं दिलं, स्वतः जुनंच नेसले. मला तर जेवण गोड लागेना.

एकदा ते थंड भट्टीकडं बघत म्हणाले, “नाम्या, कलियुग आलं रे. लोकांनी दात घासनंच सोडलं!”

*

शेवटचा किस्सा परळीच्या जत्रेचा. महाशिवरात्र. तहसीलदार साहेब जत्रेच्या बंदोबस्ताला येणार होते. अप्पांनी ठरवलं, साहेबांच्या हातात पांढरी डबी द्यायची. चारचौघांत साहेबांनी नुसतं ‘अच्छा है’ म्हटलं, की सगळे दुकानदार माल उचलतील. नाही म्हटलं, तर शेडला कुलूप. हे त्यांनी आमाला गाडीतच सांगितलं.

पितळी ताटात डब्या मांडल्या, मधी गुलाबाची फुलं. ताट माझ्या हातात. घोडं आलं, शिपायांनी गर्दी हटवली, साहेब उतरले. आन् जत्रेत कुजबुज सुरू झाली.

“हे कोन आजोबा?”

“नवीन साहेब आले वाटतं!”

साहेब तेच होते. पण मिशी पांढरीफेक! कापसाच्या बोंडावानी!

बाबूमियाँ मागून पुटपुटले, “या अल्ला.” सोनाबाईनं पदर तोंडात कोंबला. अप्पा मात्र नेहमीप्रमाणं साहेबांच्या दातांकडंच बघत होते. झुकून सलाम केला आन् डबी पुढं केली, “हुजूर, नवीन मंजन. पांढरं. गुलाबाचं.”

साहेबांनी डबी उघडली. आत बघितलं, लई वेळ बघितलं. मग शिपायांना हातानं मागं सरकायला सांगितलं, अप्पांच्या खांद्यावर हात ठेवला आन् कानाशी वाकले. मी ताट घेऊन शेजारीच उभा, म्हणून मला ऐकू आलं.

“सेठ, वो काला वाला... अब नै बनाते क्या?”

“बंद केलं, हुजूर. ह्यानं तुमचे दात आनखी चमकतील.”

“दांतां?” साहेबांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. “अरे सेठ, दांतां तो हैदराबाद से बनवा को लाया!”

आन् कुणाला दिसणार न्हाई असा हात आडवा धरून, साहेबांनी वरची कवळी अंगठ्यानं खाली सरकवून दाखवली.

अप्पांनी कवळीकडं बघितलं. मग पहिल्यांदाच वर, मिशीकडं बघितलं. मग माझ्याकडं, बाबूमियाँकडं, सोनाबाईकडं. आमी तिघं जमिनीकडं बघत उभे. साहेब डबी ताटात ठेवून घोड्यावर बसले.

परतीला गाडीत अप्पा मांडीवर एक पांढरी डबी घेऊन, त्या हसऱ्या नंदीकडं बघत बसलेले. सोनाबाई रडायला लागली. बाबूमियाँ धीर करून म्हणाले, “अप्पा, भट्टी फिरसे जलाऊं? काला बनाएंगे. सब लेते देखो.”

अप्पांनी ऐकलं का न्हाई, देव जाणे. अंबाजोगाईची वेस दिसायला लागली, तेव्हा त्यांनी नंदीवरची नजर काढली आन् माझ्याकडं वळून, अगदी पहिल्यासारख्या उल्हासानं विचारलं,

“नाम्या, ती कवळी कशानं घासत असतील रे?”